नव्व्याण्णव भाग हवा

आमच्या घरावरची कौलं उतरली ती वानरांमुळे. पोलादपूर तालुक्यात कुणालाही हे सांगा, तो पुढचं काही विचारणार नाही. एक सुस्कारा सोडेल आणि स्वतःच्या वानरांबद्दल बोलू लागेल. आमच्याकडे टोळी यायची ती मागच्या फणसावरून. थोरला नर उडी मारून आढ्यावर बसायचा आणि बाकीची मंडळी दोन्ही पाख्यांवर पकडापकडी खेळायची. मंगलोरी कौल तसं मजबूत, पण वानराच्या उडीचा हिशेब मंगलोरात कुणी केलेला नसावा. दर वैशाखात कौलं परतायची, फुटकी काढून नवी बसवायची. परतायला जो गडी यायचा त्याला नेमका रिपेवर पाय ठेवत मांजरासारखं चालता यायचं. तो थकला. त्याची मुलं मुंबईत, आणि मुंबईत कौलांवर चालण्याची विद्या कुणी विचारत नाही. शेवटच्या वर्षी पहिल्याच पावसात स्वयंपाकघरात तीन, माजघरात दोन आणि देवघरात बरोबर गणपतीच्या डोक्यावर एक, अशा गळत्या लागल्या. तेव्हा आई म्हणाली, "देवाला रोज अभिषेक चालेल, पण मला रोजचं पुसणं जमायचं नाही. पत्रे घाल."

पत्रे घातले. निळे. रंग निवडायला फॅब्रिकेशनवाल्यानं मोठा कॅटलॉग उघडून दाखवला आणि मिटताना सांगितलं की सध्या निळेच शिल्लक आहेत. चार दिवसांत चौकोनी पाईपच्या कैच्या उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले, स्क्रू फिरले. वानरं आली, आढ्यावरून घसरत थेट पागोळीपर्यंत गेली, एकमेकांकडे पाहिलं आणि शेजारच्यांच्या कौलांवर निघून गेली. त्या दिवशी मी विजयोत्सव म्हणून शिरा करायला लावला. शेजारी शिरा खायला आले नाहीत.

कोकण म्हणजे नारळ, समुद्र आणि झुळूक असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिलअखेरीस महाडच्या एसटी स्टँडवर दुपारी दोनला उभं राहून बघावं. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी महाडपर्यंत वर येतं, वारा मात्र दासगावातच कुठंतरी दमून बसतो. आम्ही तर त्याच्याही आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कढईच्या बुडाशी. आमच्याच जिल्ह्यातलं भिरा २०१७ च्या मार्चमध्ये ४६.५ अंशांच्या नोंदीनं देशभर गाजलं, तेव्हा मुंबईच्या नातेवाइकांनी आम्हाला काळजीचे फोन केले. आम्हाला त्यात बातमी काय ते कळलं नाही. जखमेवर मीठ असं, की पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर. सुमारे साडेचार हजार फुटांवर माणसं मे महिन्यात शाल पांघरून मक्याचं कणीस खात असतात. तिकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात, काचा बंद करून.

तर अशा मुलखात आम्ही डोक्यावर लोखंडाचा तवा पालथा घातला. सकाळी नऊ वाजले की पत्रा कटकटायला लागायचा. ऊन लागून पसरताना तो स्क्रूपाशी अडतो आणि टक्‌ टक्‌ असा आवाज करतो. आई म्हणायची, "लागला बोलायला." दोनच्या सुमारास त्याचं बोलणं संपायचं, कारण सांगण्यासारखं जे होतं ते सगळं तोवर त्यानं आमच्या डोक्यात उतरवलेलं असायचं. पंखा लावला की वरची गरम हवा खाली यायची, बंद केला की घाम. शेवटी आम्ही दुपारी जेवणं उरकून फणसाखाली खाट टाकायला लागलो. सात खोल्यांचं घर असून झाडाखाली राहणारं आमचं एकच कुटुंब.

जूनमध्ये वेगळाच तमाशा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो सगळा पत्र्यावर. कौलांवर पाऊस पडतो, पत्र्यावर तो वाजतो. जोराची सर आली की समोरासमोर बसूनही बोलणं ऐकू येईना. मग घरात खुणांची भाषा तयार झाली. अंगठा ओठांकडे झुकवला की चहा. तळहात पालथा धरून गोल फिरवला की भात टाकायचा का. दोन्ही हात डोक्यावर नेले की पडवीतले कपडे आत घेतलेस का. बायकोनं या भाषेत भांडायचीही सोय करून घेतली होती, आणि मला तर वाटतं आमची त्या पावसाळ्यातली भांडणं सगळ्यांत सभ्य झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली. पत्र्यावर चुना मार, एक वर्ष निघतं. पांढरा कूल पेंट मार, दोन वर्षं निघतात. वर हिरवी शेडनेट ताण. भोपळ्याचा वेल चढव. एकानं वर स्प्रिंकलर लावून पाणी फिरवायला सांगितलं. आमच्या वाडीत एप्रिलमध्ये टँकर येतो हे तो विसरला असावा. दुसऱ्यानं कारखान्याच्या शेडवर गरगरतात तसले पंखे बसवायला सांगितले. यातलं काहीच खोटं नाही. पांढऱ्या रंगानं ऊन परतवता येतं हे तर ज्यानं कधी काळी छत्री काळी आणि टोपी पांढरी वापरली त्याला माहीतच आहे. पण आमच्या घराचं खरं औषध सांगितलं ते पुतण्यानं.

पुतण्या महाडच्या एमआयडीसीत लॅगिंगच्या कामावर आहे. लॅगिंग म्हणजे रसायनांच्या कारखान्यात वाफेच्या नि गरम तेलाच्या पाईपांना जे जाड पांघरूण घालतात ते. आत वाफ खवळलेली असते आणि बाहेर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हात टेकून माणसं तंबाखू मळतात. तो म्हणाला, "काका, ग्लासवूल घाला. काचेची लोकर."

आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "काचेची मेंढी कुठं चरते रे?"

पुतण्यानं मोबाईलवर चित्रं दाखवली. वाळू, सोडा, चुनखडी आणि जुन्या फुटक्या काचा भट्टीत वितळवतात, तो रस भोकाभोकांच्या फिरत्या चाकातून बाहेर फेकतात, आणि जत्रेत म्हातारीचे केस निघतात तसे त्याचे बारीक धागे निघतात. त्यावर चिकट राळ मारून भाजलं की पिवळी गादी तयार. आईनं चित्र पाहिलं आणि निकाल दिला, "गोधडी आहे ही. मे महिन्यात घराला गोधडी घालणार? उकडून मरेल घर."

मी तिला समजावलं की गोधडी ऊब देत नसते, असलेली ऊब जाऊ देत नाही एवढंच. ती म्हणाली, "मग पत्र्याची ऊब आहे ना घरात, ती जायची नाही." मला उत्तर सुचेना. बत्तीस वर्षं मुंबईत कारकुनी करून आलेला मुलगा आपल्यासमोर गप्प बसलाय हे पाहून तिला दया आली असावी. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मावशीच्या लग्नात महाडवरनं बर्फाची लादी आणली होती. भुसा नि गोणपाटात बांधून एसटीच्या टपावर टाकली. भर वैशाखात. पोलादपूरला उतरवली तर एवढी शिल्लक. तसं म्हण ना मग. गोधडी गोधडी काय लावलंयस?"

तिनं नकळत फार मोठ्या धंद्याचं मर्म सांगितलं होतं. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्युडर नावाच्या व्यापाऱ्यानं बोस्टनहून टस्कनी नावाच्या जहाजातून कलकत्त्याला गोठलेल्या तळ्यांचा बर्फ पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त. १८० टन भरला होता, शंभरेक टन पोचला. ना यंत्र, ना वीज. भोवती भुसा-गवत असलं काहीबाही आणि त्यात अडकलेली हवा. पुढच्या वर्षी मुंबईतही बर्फ आला. उष्णतेला आत-बाहेर कळत नाही. तिला फक्त जास्तीकडून कमीकडे जायचं असतं, आणि मध्ये कुणी आळशी बसला असेल तर ती अडते. स्वस्थ बसलेल्या हवेइतकं आळशी दुसरं काही नाही. अट एवढीच की तिला हलू द्यायचं नाही. हललीच तर ती स्वतःच उष्णतेची हमाल होते.

ठरलं. माजघरावर आणि दोन खोल्यांवर जुना सागवानी फळ्यांचा माळा होता, तो पत्रे घालताना आम्ही तसाच ठेवला होता. लोकर पत्र्याला खालून चिकटवण्यापेक्षा माळ्याच्या जमिनीवर अंथरायची, म्हणजे वर पत्रा तापू दे, माळ्यावरची हवा दोन्ही टोकांच्या झरोक्यांतून जाऊ दे, खाली उतरायची वाट तेवढी बंद, असं पुतण्याचं गणित. फक्त आधी माळा रिकामा करायचा.

माळा रिकामा करणं म्हणजे काय ते ज्याच्या घराला माळा आहे त्याला सांगायला नको आणि ज्याच्या नाही त्याला सांगून उपयोग नाही. खाली जे आलं ते असं: भाताच्या पेंढ्याचे एकवीस भारे, गुरं विकली त्या वर्षापासून तसेच. बांबूची कणगी, तिच्यात दुसरी कणगी. इरली तीन, एकाची पानं गळून नुसता सांगाडा. वडिलांची लोखंडी ट्रंक, तिच्यात गिरणीचे पगाराचे कागद आणि एक बूट. एकच. दुसऱ्या बुटाचा शोध आईनं पन्नास वर्षांपूर्वी घेतला होता म्हणे, ती आता ट्रंकेपाशी बसून बराच वेळ हसली. घोंगडी, कसरीनं जाळीदार झालेली. मोडका पाळणा. शेणी. सुपं. आत्याच्या लग्नातला आहेर म्हणून आलेला आणि कुणी कधीच न वापरलेला कंदील. पोत्यात बांधून ठेवलेली पोती. या पोत्यांसाठी घरात शब्दही होता, 'लागतील'. हे काय? लागतील. असू दे.

पेंढा शेजाऱ्यांनी गुरांच्या अंथरुणाला नेला. बाकी फणसाखाली ढीग. माळा झाडून लख्ख केला. लोकर चार दिवसांनी यायची होती.

त्या चार दिवसांत घर पूर्वीपेक्षा जास्त तापलं.

आधी मला वाटलं, ऊनच चढलंय. पण शेजारी तसं म्हणेनात. दुसऱ्या दिवशी दुपारी माजघरात बसवेना. आईनं पदरानं मान पुसली, वर फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. "पेंढा होता तोवर बरं होतं."

होतंच. हात-दीड हात जाडीचा पेंढा, त्यावर कणग्या, पोती, घोंगड्या. आमच्या डोक्यावर इतकी वर्षं अंथरलेली गादीच ती. पेंढ्याची काडी पोकळ, आत हवा, दोन काड्यांमध्ये हवा, पोत्यांच्या घड्यांत हवा. कौलांच्या काळात माजघर गार असायचं त्याचं सगळं श्रेय आम्ही कौलांना दिलं आणि पत्र्याला सगळी शिवीगाळ. मधल्या मध्ये पेंढा काम करत होता, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आणि मी तो फुकट देऊन त्याच कामासाठी पैसे मोजून लोकर मागवली होती. पेंढ्याला आग लागते, उंदीर लागतात, कसर लागते हे खरं, पण हे मुद्दे मला नंतर, स्वतःचं समाधान करताना आठवले.

लोकर घ्यायला महाडला गेलो. दुकानदारानं विचारलं, "चोवीसची देऊ की बत्तीसची?" मला वाटलं, एसीसारखं तापमान विचारतोय. म्हटलं, "चोवीसला सोसेल." नंतर कळलं, ती घनता. एका घनमीटरला चोवीस किलो. योगायोगानं उत्तर बरोबर निघालं. जी गादी नुसती माळ्यावर पसरायची, जिच्यावर काही ठेवायचं नाही, तिला चोवीस पुरते. जाडी पन्नास मिलिमीटर की शंभर? हा प्रश्न मात्र खरा. उष्णता अडवण्याची ताकद जाडीवर, वजनावर नाही. पन्नासच्या दोन थरांत एकाच्या दुप्पट अडतं, म्हणून एक थर आडवा, एक उभा घालायचं ठरलं, म्हणजे खालच्याचे सांधे वरच्याखाली झाकले जातात.

घरी येताना टेम्पोत बसून मी हिशेब केला. काचेचा घनमीटरभर ठोकळा घेतला तर तो अडीच हजार किलोंचा. ही लोकर चोवीस किलो. म्हणजे शंभर भागांत काच एक भागही नाही. बाकी नव्व्याण्णव भाग हवा. हे मी कौतुकानं आईला सांगितलं आणि तिथंच चुकलो.

"हवा विकत घेतलीस?"

गावभर झालं ते. अजून कुणी पोलादपूरच्या नाक्यावर भेटला तर विचारतो, नाना, हवेचा काय भाव चाललाय?

पण महाडच्या दुकानात आणखी एक बोलणं झालं, ते हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "एवढं बघा, ओली होऊ देऊ नका. ओली झाली की संपली." त्यानं हे सांगताना भिंतीकडे बोट केलं. तिथं त्याच्या डोक्याच्याही वर चिखलाची एक फिकट रेघ होती, रंग मारूनही पूर्ण न गेलेली. २०२१ च्या जुलैची. २२ तारखेला महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळायला लागला, चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर, आणि ते सगळं पाणी सावित्रीतून खाली महाडात. त्याच दिवशी तळियेची वाडी दरडीखाली गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही महाडला एका नातेवाइकाकडे चिखल काढायला गेलो होतो. बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांतल्या गाद्यांचे ढीग. कापसाची गादी पाणी प्यायली की चार माणसांना उचलत नाही. ज्या गादीवर एकटी म्हातारी दुपारची झोपायची ती ओढायला चार तरुण, आणि ओढताना तिच्यातून काळं पाणी वाहत होतं. त्या गाद्यांत हवा होती तिथं सावित्री शिरली होती. लोकरीचंही तेच. हवेच्या जागी पाणी बसलं की ती अडवणारी राहत नाही, वाट देणारी होते. म्हणून आधी पत्र्याचा प्रत्येक स्क्रू तपासला, झिजलेले रबरी वायसर बदलले, दोन ठिकाणी सीलंट भरलं. हे काम लोकरीपेक्षा जास्त दिवस चाललं.

कामाच्या आदल्या रात्री न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या घराच्या माळ्यावर ही लोकर हात-दीड हात जाड पसरलेली असते आणि तिचा रंग गुलाबी. ही लोकर गुलाबी का, तर एका अमेरिकी कंपनीनं १९५० च्या दशकात तिला गुलाबी रंगवलं, आणि १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयानं तो रंगच त्या कंपनीच्या मालकीचा ठरवला. लोकरीला गुलाबी रंग द्यायचा हक्क त्यांचा. हे ऐकून बायकोनं आपल्या गुलाबी साडीकडे जरा संशयानं पाहिलं. भाचीचा प्रश्न वेगळा होता. "मामा, कागदाची बाजू कुठं करताय? खाली ना?" तिच्याकडे लोकरीला एका अंगाला कागद असतो, तो खोलीच्या बाजूला करायचा. कारण हिवाळ्यात आत उबदार दमट हवा, बाहेर बर्फ. ती हवा लोकरीत शिरून थंड टोकाला पोचली की तिचं पाणी होतं, ते अडवायला कागद. आमच्याकडे ओल बाहेरून येते. एसी लावून खोली बंद ठेवणाऱ्याला ही बाजू उलटी करावी लागेल. आणि आमच्या घरात तर दारं-खिडक्या दिवसभर सताड उघड्या, आत नि बाहेर सारखीच ओल, सारखेच डास. मी म्हटलं, "बाळा, आमच्याकडे कागदच नाही. वरच्या थराला वरच्या अंगानं चांदीचा कागद आहे, पत्र्याकडे तोंड करून." "चांदीचा?" "फॉईल गं. पत्र्याची झळ परतवायला." तिला ते पटलं. आईला पटलं नाही. इतका चकचकीत कागद माळ्यावर कुणी न बघता पडून राहणार याचं तिला वाईट वाटलं.

ही लोकर निघाली तीही चुकून. १९३२ मध्ये ओहायोत डेल क्लाईस्ट नावाचा एक तरुण काचेच्या दोन विटा वितळलेल्या काचेनं जोडायच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत काचेच्या धारेवर बसला आणि विटा जुळायच्या राहिल्या, खोलीभर काचेचे तंतू उडाले. त्या दिवशी त्याच्या अंगाला किती खाज सुटली याची नोंद कुठं नाही, आणि मला वाटतं इतिहासकारांची ही मोठीच चूक आहे.

कारण खाज. पुतण्यानं बजावलं होतं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट पायमोज्यात खोचलेली, हातमोजे, मास्क, चष्मा. त्यानं स्वतः तसं केलं. मी माळ्यावर चढलो तो बनियन आणि लुंगीवर. मे महिना, वर पत्रा, पायमोज्यात पँट खोचणारा माणूस मला हास्यास्पद वाटला. काम सोपं होतं. लांब पट्टी ठेवून लोकर दाबायची आणि धारदार सुरीनं कापायची. दोन तुळयांमधल्या अंतरापेक्षा बोटभर जास्त रुंद, म्हणजे ती आपल्याच फुगण्यानं घट्ट बसते. कोंबायची नाही. फट ठेवायची नाही. वायर आडवी आली तर लोकर तिच्यावर दाबायची नाही, पोटात चीर देऊन अर्धी खालून, अर्धी वरून घ्यायची. त्याआधी जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरी वायरमनकडून बदलून घेतल्या, कारण पांघरुणाखाली तापलेली वायर थंड व्हायला जागा मागते. माळ्याच्या कडांना झरोक्यापाशी हातभर जागा मोकळी सोडली आणि झरोक्यांना बारीक जाळी मारली. आई खालून ओरडत होती, "उंदरांना बाळंतिणीची खोली करताय तुम्ही!" जाळी तिच्यासाठीच.

संध्याकाळी खाली उतरलो आणि गुडघ्यांपासून सुरू झालं. लहानपणी रानात कुणीतरी खाजकुइलीची शेंग पाठीत टाकायचा, ते आठवलं. तेव्हा निदान कुणाला मारायचं ते माहीत होतं. बायकोनं कढत पाण्याची बादली भरली. पुतण्या दारातून किंचाळला, "गरम नको, काका! गार पाणी, चोळायचं नाही!" तोवर दोन तांबे झाले होते. खोबरेल लावलं, चिकटपट्टी लावून उपटून पाहिली; चिकटपट्टीचा थोडा उपयोग झाला. हे विष नाही, नुसते बारीक काटे आहेत, दोन दिवसांत जातात, असं पुतण्या म्हणाला. गेले तिसऱ्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी नवं प्रकरण उद्भवलं. माझी लुंगी बाकीच्या कपड्यांबरोबर यंत्रात धुतली गेली होती. सकाळी बायकोला खाज, दुपारी आईला, आणि संध्याकाळी सुट्टीला आलेल्या मेव्हण्यांना, ज्यांनी लोकर डोळ्यांनीही पाहिली नव्हती. ते शब्द न काढता सोफ्याला पाठ घासत बसले होते. पाहुण्यांना कारण सांगावं की न सांगावं यावर आम्ही स्वयंपाकघरात खुणांनी चर्चा केली. सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशीच निघाले. जाताना म्हणाले, इथलं पाणी मानवत नाही.

आणि गार झालं का? गार नाही झालं. लोकर थंडावा देत नाही, तसं तिनं कधी कबूलही केलं नव्हतं. महाडच्या उकाड्याला दार उघडं असलं की तो दारानं येतो. पण वरून जी झळ यायची, टाळूवर कुणी तापलेला हात धरल्यासारखी, ती गेली. पत्रा नऊ वाजता बोलायला लागतो, पण आता पलीकडच्या खोलीत बोलल्यासारखा. माझं थर्मामीटर म्हणजे आईचा पदर. पूर्वी जेवताना ती पाच वेळा मान पुसायची, आता एकदा, तीही आमटी तिखट असली तर. खाट फणसाखालून आत आली.

भांडण उरलं ते एका गोष्टीचं. फणसाखालचा ढीग. जून तोंडावर आला आणि आई म्हणाली, हे वर ठेव. मी म्हटलं, लोकरीवर काही ठेवायचं नाही, दबली की हवा गेली, हवा गेली की पैसे गेले. "हवाच ना," ती म्हणाली. मग तडजोड झाली. एका टोकाला तुळयांवर फळ्या टाकून हातभर उंच मचाण केलं आणि त्यावर पाळणा, कणग्या आणि ट्रंक गेली. बुटासकट. पोती गेली नाहीत अशी माझी समजूत होती. परवा विजेच्या कामासाठी वर गेलो तर पोत्यांचा गठ्ठा पाळण्यात झोपवलेला दिसला.

पडवीवर मात्र लोकर घातली नव्हती. तिथं माळा नाही, आणि पैसे संपले होते.

मृगाचा पहिला पाऊस रात्री आला. दोनच्या सुमारास आईनं मला हलवून उठवलं. "पाऊस थांबला काय रे?"

मी कान दिला. वरून नुसती हलकी कुजबुज. म्हटलं, थांबला असेल. पण दाराच्या फटीतून मातीचा वास येत होता, म्हणून उठून पडवीचं दार उघडलं. बाहेर धो धो कोसळत होता. पडवीच्या उघड्या पत्र्यावर असा वाजत होता की जणू सगळी वानरं परत आली होती. पागोळ्यांची पांढरी भिंत. मागे वळून सांगायला गेलो, तर आई माझ्या मागेच उभी, हातात उशी. ती माझ्या बाजूनं पुढे झाली, बाकावर टेकली, पाय वर घेतले आणि उशी पाठीशी लावली. मी तिला म्हणालो, आत चल, भिजशील. तिला ऐकू गेलं नाही. किंवा गेलं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा ओठांकडे झुकवला.